परतीची वाट: इन्सब्रुक ते डीमन

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि इन्सब्रुक ५७४ मीटरवर. हे दोन आकडे शेजारी ठेवले की आपल्याकडच्या माणसाला नवल वाटते, कारण ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांताची ही राजधानी म्हणजे डोंगरातले शहर, हे मनात पक्के बसलेले असते. ते खरेही आहे. शहर दरीच्या तळाशी आहे आणि डोंगर घरांच्या मागून सरळ उठतात. जुन्या गावाजवळून निघणारी रेल्वे आणि पुढचे पाळणे धरले की सुमारे अर्ध्या तासात माणूस २,२५६ मीटरवरच्या हाफेलेकार स्थानकावर पोचतो. सिंहगडाच्या जवळजवळ पावणेदोनपट उंची झाली ही. आणि ज्या डीमनला आपल्याला परतायचे आहे, ते ॲमस्टरडॅमच्या आग्नेयेला चिकटलेले गाव बरेचसे समुद्रसपाटीच्याही खाली आहे. बांध घालून, पाणी उपसून कोरड्या केलेल्या जमिनीवर ते उभे आहे.

या दोन गावांमधले अंतर, वाट कोणती धरता त्यावर, साडेनऊशे ते हजार किलोमीटर भरते. डीमन, आम्स्टेलवेन, आल्मेरे या भागातली मराठी कुटुंबे शाळेच्या सुट्टीत गाडी काढून आल्प्सकडे जातात, कारण चार माणसांची विमानाची तिकिटे, सामान आणि तिथे गेल्यावर भाड्याची गाडी यांचा हिशेब स्वतःच्या गाडीपुढे टिकत नाही. जातानाच्या वाटेचा फारसा विचार कोणी करत नाही, उत्साहावर रस्ता कापला जातो. परतीचे तसे नसते. पाय दुखत असतात, मुले कंटाळलेली असतात, सोमवारी सकाळी शाळा आणि कचेरी असते. म्हणून वाट निवडायचा खरा प्रश्न परतताना येतो आणि हे प्रकरण त्याच प्रश्नाबद्दल आहे.

डोंगराळ मुलुखात वाटांची आखणी आधी पाण्याने केलेली असते. महाबळेश्वरला गेलेल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचे उगम मानले जातात. त्यांतली कृष्णा पूर्वेला निघते आणि वाईवरून पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून पोलादपूर, महाड करत बाणकोटला अरबी समुद्राला मिळते. पुण्याचा माणूस पसरणीचा घाट उतरून कृष्णेच्या खोऱ्यात येतो, महाडचा माणूस आंबेनळी घाटाने सावित्रीच्या. मुंबईकराला दोन्ही वाटा मोकळ्या असतात आणि रविवारी दुपारच्या चहाला घरात जो वाद होतो, तो मुळात या दोन नद्यांपैकी कोणाच्या सोबतीने उतरायचे याचा असतो.

इन्सब्रुकचे नावच मुळी इन नदीवरचा पूल असे आहे. ही इन पासाऊ गावाशी डॅन्यूबला मिळते आणि तिचे पाणी शेवटी काळ्या समुद्रात जाते. डीमनच्या कडेने वाहणारे पाणी मात्र ऱ्हाइनचे. १९५२ साली खुला झालेला ॲमस्टरडॅम-ऱ्हाइन कालवा गावाला लागूनच जातो आणि त्यातून जर्मनीकडे जाणारी मालवाहू जहाजे दिवसरात्र दिसतात. म्हणजे इन्सब्रुकहून डीमनला येणाऱ्याला कुठे ना कुठे डॅन्यूबचे खोरे सोडून ऱ्हाइनच्या खोऱ्यात शिरावेच लागते. प्रत्येक वाट हा जलविभाजक वेगळ्या जागी ओलांडते. कोणती कुठे ओलांडते हे एकदा कळले, की नकाशावरचा रेघांचा गुंता सुटायला लागतो.

डोंगरातून बाहेर पडायला इन्सब्रुकला चार दारे आहेत. पूर्वेला इन नदीच्या काठाने कूफस्टाइन आणि तिथून म्युनिक. उत्तरेला त्सिर्ल गावावरून चढणारा घाट, सेफेल्ड, गार्मिश आणि पुन्हा म्युनिक. वायव्येला फर्नपास. आणि पश्चिमेला आर्लबर्ग, जिथे १९७८ साली खुला झालेला सुमारे १४ किलोमीटरचा बोगदा आहे. आर्लबर्ग हा स्वतःच डॅन्यूब आणि ऱ्हाइन यांच्यामधला जलविभाजक आहे. बोगद्यात शिरताना एक खोरे, बाहेर पडताना दुसरे. पण डीमनला जायचे तर तो फार मोठा वळसा, शिवाय बोगद्याचा टोल वेगळा. फर्नपास बंद असेल तेव्हाच त्याचा विचार करावा. त्सिर्लच्या घाटाची चढण १५-१६ टक्क्यांची आहे. नजारा सुंदर आहे, पण गाडीमागे कॅरॅव्हान असेल किंवा मुलांना वळणांवर उलट्या होत असतील, तर त्या वाटेला जाऊ नये.

उरतात कूफस्टाइन आणि फर्नपास. नकाशा दाखवणारे ॲप बहुतेक वेळा फर्नपास सुचवते, कारण उल्ममार्गे जाणारी ती वाट अंतराने कमी पडते. ॲप हे कसे ठरवते ते इथे सांगायलाच हवे, कारण ती पद्धत डीमनपासून फार लांब जन्मलेली नाही.

१९५६ साली एड्सखर डाइक्स्ट्रा हा तरुण ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात काम करत होता. केंद्राने आर्माक नावाचा नवा संगणक बांधला होता आणि सामान्य लोकांना समजेल असे काहीतरी त्यावर करून दाखवायचे होते. डाइक्स्ट्राने प्रश्न निवडला तो रस्त्यांचा: रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता? एके दिवशी होणाऱ्या बायकोबरोबर ॲमस्टरडॅममध्ये खरेदी करून दमल्यावर दोघे एका कॅफेबाहेर कॉफी प्यायला बसले आणि तिथे वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, त्याला उत्तर सुचले, असे त्याने पुढे सांगितले आहे. प्रात्यक्षिकासाठी त्याने हॉलंडमधली ६४ गावे घेतली. ही पद्धत १९५९ साली छापून आली. त्या गणित केंद्राचाच आजचा अवतार असलेली संस्था वॉटरग्राफ्समेअरमध्ये, म्हणजे डीमनच्या शेजारच्याच भागात आहे.

पद्धत समजायला सोपी आहे. इन्सब्रुकला पाणी सोडले आहे अशी कल्पना करा. प्रत्येक रस्ता हा एक पाट आणि त्या पाटातून पाणी पलीकडे पोचायला जितकी मिनिटे लागतात तितकी त्याची लांबी. पाणी सगळ्या पाटांत एकदमच शिरते. जे गाव सर्वांत आधी भिजते त्याची वेळ लिहून ठेवायची, ती आता बदलणार नाही. मग त्या गावातून निघणाऱ्या पाटांत पाणी पुढे सरकते. त्यानंतर भिजणारे गाव कोणते, त्याची वेळ लिहायची. असे करत करत ज्या क्षणी पाणी डीमनला पोचते, तो सर्वांत कमी वेळ, आणि ते ज्या पाटांतून आले ती सर्वांत जवळची वाट. अख्ख्या युरोपच्या लक्षावधी चौकांवर हे करत बसायला वेळ लागतो, म्हणून पुढे लोकांनी त्यात युक्त्या काढल्या. लांबच्या प्रवासात गल्लीबोळांचा विचार करायची गरज नसते, मोठ्या रस्त्यांचे आडाखे आधीच बांधून ठेवता येतात. या प्रकारची एक फार प्रभावी रीत २००८ साली कार्ल्सरुहे विद्यापीठात तयार झाली. आपल्या परतीच्या एका वाटेवर हे कार्ल्सरुहे लागतेच.

डाइक्स्ट्राच्या पद्धतीत चूक नाही. पाटांची लांबी बरोबर दिली असेल तर उत्तर बरोबरच येते. पण ती लांबी द्यायची कोणी? त्या क्षणी रस्त्यावर गाड्या किती वेगाने जात आहेत हे ॲपला कळते. दोन तासांनी तुम्ही फर्नपासला पोचाल तेव्हा काय परिस्थिती असेल, याचा मात्र ते अंदाजच करते. आणि एका गोष्टीत ते कमजोर आहे: एकाच वेळी हजारो लोकांना ते तीच पळवाट सांगते. रस्ता वाढवल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो, हे डीट्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ साली दाखवून दिले होते. प्रत्येक जण आपल्यापुरती चांगली वाट निवडतो आणि सगळे मिळून अडकतात.

टिरोलच्या खेड्यांनी हे प्रत्यक्ष सोसले. महामार्ग तुंबला की ॲप गाड्यांना खाली उतरवून गावातून पाठवू लागले. शनिवार-रविवारी परदेशी गाड्यांची रांग घरांसमोरून हलेना, गावातली रुग्णवाहिकाही अडकू लागली. शेवटी जून २०१९ पासून टिरोल सरकारने सुट्टीच्या दिवसांत, शनिवार-रविवारी, अशा बाजूच्या रस्त्यांवर वाटसरूंच्या गाड्यांना बंदी घातली. आधी इन्सब्रुकच्या आसपास, मग रॉयटे आणि कूफस्टाइनकडे. त्या गावातच मुक्काम असेल तर जाऊ देतात, नुसते पलीकडे जायचे असेल तर पोलीस परत महामार्गावर पाठवतात. जर्मनीत यावरून बराच राग व्यक्त झाला. मला गावकऱ्यांचे म्हणणे पटते. आपल्या सुट्टीचा भार त्यांच्या अंगणावर टाकायचा आपल्याला हक्क नाही.

याचा परिणाम नीट लक्षात घ्यायला हवा. गर्दीच्या दिवशी फर्नपासच्या वाटेला लागलात की मध्ये फाटा नाही. नासेराइटपासून चढ सुरू होतो, १,२१२ मीटरवर खिंड येते, मग लेर्मोस, रॉयटे आणि सरहद्दीवरचा बोगदा ओलांडून फ्युसेन. तोवर दोन लेनचाच रस्ता आहे, एक जायची, एक यायची. गर्दी वाढली की गाड्या अडवून टप्प्याटप्प्याने सोडतात. तुमच्या हाती काहीच राहत नाही.

ही खिंड आहे मात्र विलक्षण. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी इथला एक अख्खा डोंगर कोसळला, जवळपास एक घन किलोमीटर दगड खाली आला आणि दरी भरून गेली. आजचा रस्ता त्या ढिगाऱ्यावरून चढतो. वळणावळणाला दिसणारी हिरव्यागार पाण्याची तळी त्या ढिगाऱ्याच्या खळग्यांत साठलेली आहेत. रोमन सम्राट क्लॉडियसने इसवी सन ४६-४७ मध्ये पुरा केलेला, इटलीच्या मैदानातून डॅन्यूबकडे जाणारा राजमार्ग याच खिंडीतून जात असे. खडकात पडलेल्या जुन्या गाड्यांच्या चाकोऱ्या आजही पाहायला मिळतात. नाणेघाटात सातवाहनकाळची वाट पाहिलेल्या माणसाला इथे थांबावेसे वाटेल आणि थांबावेच. पंधरा मिनिटांनी काही बिघडत नाही, फक्त सकाळी लवकर निघालेले असले पाहिजे.

कूफस्टाइनची वाट याच्या उलट आहे. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चौपदरी, चढउतार जवळजवळ नाही, अडकले तरी लेन बदलता येते. पण तिचे पैसे वेगळ्या रूपाने मोजावे लागतात. इन खोऱ्यातल्या महामार्गावर हवा स्वच्छ राहावी म्हणून २०१४ पासून मोठ्या पट्ट्यात १०० ची मर्यादा आहे. पुढे सरहद्दीवर कीफर्सफेल्डेनला जर्मन पोलीस २०१५ पासून गाड्या तपासतात, तिथे रांग लागते. मग म्युनिकचा वळसा, जिथे आल्प्सहून परतणारे म्युनिककर आणि तुम्ही एकाच वेळी पोचता. आणि अंतर जास्त. म्युनिकहून न्यूर्नबर्ग, तिथून वुर्झबर्ग, फ्रँकफर्ट, कोलोन. न्यूर्नबर्गच्या दक्षिणेला कुठेतरी तुम्ही ऱ्हाइनच्या खोऱ्यात शिरता, कळतही नाही.

मी इथे एक कसोटी सांगतो, जी मला सर्वांत उपयोगाची वाटते. सर्वांत जवळची वाट शोधण्यापेक्षा, ज्या वाटेवर आपल्याला सर्वांत उशिरापर्यंत बेत बदलता येतो, ती वाट धरावी. हजार किलोमीटरच्या प्रवासात वीस मिनिटे इकडे की तिकडे याला महत्त्व नाही. दोन तास एकाच जागी मुले रडत असताना उभे राहणे, हे टाळायचे असते. त्या दृष्टीने फर्नपास ही अडचणीची सुरुवात आहे, पण तिच्यापुढचा रस्ता फार मोकळा आहे. म्हणून फर्नपास घ्यायचा की नाही, हे अंतरावर ठरत नाही, घड्याळावर ठरते.

आणि कॅलेंडरवर. आल्प्समधली बरीच घरे आणि खोल्या शनिवार ते शनिवार भाड्याने जातात. एक कुटुंब सकाळी निघते, दुसरे दुपारी येते, त्यामुळे दोन्ही दिशांना रस्ता भरतो. हॉलंडमध्ये उन्हाळ्यातल्या सर्वांत वाईट दिवसाला नावच ‘काळा शनिवार’ असे आहे. १८८३ साली सायकलस्वारांची संघटना म्हणून निघालेली आणि आज गाडीवाल्यांची सर्वांत मोठी संस्था असलेली एएनडब्ल्यूबी दरवर्षी त्याची सूचना देते. शाळांच्या सुट्ट्या एकदम पडू नयेत म्हणून हॉलंडचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन भाग केलेले आहेत, डीमन उत्तर भागात येते. पण जर्मनीतली सोळा राज्येही आपापल्या सुट्ट्या पुढेमागे ठेवतात आणि तुमचा सगळा रस्ता त्यांच्यातूनच जातो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग यांची उन्हाळी सुट्टी सर्वांत शेवटी, जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या तोंडाला सुरू होते. त्या दिवसांत उल्म आणि स्टुटगार्टच्या आसपासचा रस्ता जपून धरावा.

रविवारचे वेगळे आहे. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत साडेसात टनांवरच्या मालट्रकना रस्त्यावर येता येत नाही. एरवी उजवी लेन ही ट्रकची एक सलग भिंत असते, रविवारी ती नाहीशी होते. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवारी दिवसाही मुख्य महामार्गांवर ट्रकना बंदी असते, पण तेव्हा सुट्टीवरच्या गाड्याच ती जागा भरून काढतात. म्हणून माझा कौल रविवारच्या सकाळला. सातला निघालात तर फर्नपास मोकळा मिळतो. दुपारी एकनंतर तिथे उल्म-आउग्सबुर्गकडचे एका दिवसासाठी आलेले लोक परतू लागतात आणि मग तो पुन्हा भरतो. अकराला नाश्ता उरकून निघायचे असेल तर कूफस्टाइनच बरे.

फ्युसेनला सरहद्द ओलांडली की ए-७ सुरू होतो. जर्मनीतला हा सर्वांत लांब महामार्ग, इथून थेट डेन्मार्कच्या सीमेपर्यंत. केम्प्टेन, मेमिंगेन आणि मग उल्म. उल्म हे या प्रवासातले सर्वांत महत्त्वाचे ठिकाण आहे, कारण बेत बदलायची जागा तीच. इथे डॅन्यूब शेवटची ओलांडायची.

डावीकडे वळलात तर ती पश्चिमेची वाट: ए-८ स्वाबियन आल्ब नावाच्या पठारावर चढतो. पठारावरच कुठेतरी जलविभाजक मागे पडतो आणि पलीकडच्या उतरणीनंतरचे पाणी नेकार नदीमार्गे ऱ्हाइनला जाते. आपला खंबाटकी आठवावा अशी ही उतरण आहे. जाणाऱ्यांचा आणि येणाऱ्यांचा रस्ता इथे वेगवेगळा झालेला आहे. मग स्टुटगार्ट, कार्ल्सरुहे आणि होकेनहाइमहून ए-६१. हा ए-६१ डच गाड्यांचा आवडता. ऱ्हाइनच्या पश्चिमेने, द्राक्षमळ्यांतून, कोब्लेन्झजवळ मोझेल नदीवरच्या १३६ मीटर उंच पुलावरून तो व्हेन्लोच्या सीमेपर्यंत जातो आणि कोलोनचे वर्तुळ टाळतो. २०२१ च्या जुलैत महापुराने एर्फ्टश्टाट परिसरात हा रस्ता वाहून गेला होता, तेव्हा डच सुट्टीकरांना त्याची किंमत कळली.

सरळ गेलात तर ए-७ वरच राहता. ही मधली वाट. हाइडेनहाइम ओलांडल्यावर क्योनिग्सब्रोनला ब्रेन्झ नदी उगम पावते, ती डॅन्यूबकडे जाते. थोडेच पुढे ओबरकोखेनला कोखर उगम पावते, ती नेकारकडे, म्हणजे ऱ्हाइनकडे. दोन उगमांत काही किलोमीटरांचे अंतर आणि शेवट दोन समुद्रांत. मुलांना गाडीत कंटाळा आला असेल तर पंचगंगेच्या देवळाची गोष्ट सांगायला याहून चांगली जागा नाही. पुढे वुर्झबर्गजवळ ए-३ लागतो, तोच फ्रँकफर्ट, कोलोन, ओबरहाउझेन करत आर्नेमजवळ हॉलंडमध्ये शिरतो. अंतर थोडे जास्त, पण उल्म ते वुर्झबर्ग हा भाग एरवी शांत असतो. स्टुटगार्टला कोंडी असेल तर डोळे मिटून ही वाट धरावी. फ्रँकफर्टजवळून कोलोन टाळायला ए-४५ हा जुना पर्याय होता. पण त्यावरचा राहमेडे पूल २ डिसेंबर २०२१ रोजी अचानक बंद करावा लागला आणि मे २०२३ मध्ये सुरुंग लावून पाडला गेला. जर्मनीतले कितीतरी पूल १९६०-७० च्या दशकांतले आहेत आणि ते थकले आहेत. गेल्या वर्षीची चांगली वाट यंदा चांगली असेलच, असे म्हणून चालत नाही.

वेगाबद्दल थोडे बोलू. जर्मनीत बऱ्याच पट्ट्यांवर मर्यादा नाही, १३० हा सल्ल्याचा वेग आहे. १३० ने शंभर किलोमीटरला ४६ मिनिटे लागतात, १६० ने साडेसदतीस. वाचतात साडेआठ मिनिटे, तीही रस्ता पूर्ण मोकळा असला तर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १६० ला तो १३० च्या दीडपट होतो आणि पेट्रोल किंवा बॅटरी त्याच मानाने जाते. विजेच्या गाडीला तर हा सौदा उघड तोट्याचा आहे. वाचलेली मिनिटे चार्जिंगला उभे राहण्यात निघून जातात. थंडीत बॅटरीचा पल्ला कमी होतो, हेही निघण्याआधी हिशेबात धरावे.

काही कामे आदल्या दिवशीची आहेत. ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी ठराविक दिवसांचा परवाना, तिकडे त्याला विन्येट म्हणतात, परतीच्या तारखेपर्यंत चालतो ना ते पाहावे. २०२४ पासून एका दिवसाचाही मिळतो. टाकी टिरोलमध्येच भरावी, आणि महामार्गाच्या बाहेरच्या पंपावर. जर्मनीत, त्याहून हॉलंडमध्ये, पेट्रोल बहुधा महाग पडते. ऑस्ट्रियात शनिवारी संध्याकाळी सहाला किराणा दुकाने बंद होतात आणि रविवारी उघडत नाहीत, जर्मनीतही रविवारी बंदच असतात. म्हणून ब्रेड, फळे, दही शनिवारी दुपारीच घ्यावे. डब्यात पराठे किंवा धपाटे असतील तर आजी-आजोबांची सोय होते आणि थांबा कुठेही घेता येतो. हिवाळ्यात हॉलंडमध्ये बर्फाचे टायर सक्तीचे नाहीत, पण रस्त्यावर बर्फ असेल तर ऑस्ट्रिया आणि जर्मनीत आहेत. डीमनहून निघतानाच ते बसवलेले असावेत.

आणि कागद. शेंगेनमध्ये सीमा नाहीत, हे आपण ऐकून असतो. पण जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात हॉलंडनेही. पुण्या-नाशिकहून भेटीला आलेले आई-बाबा गाडीत असतील, तर त्यांचे पासपोर्ट सामानाच्या तळाशी नकोत, हाताशी हवेत. तुमचे निवासपत्रही. पोलीस सभ्यपणे विचारतात, दोन मिनिटांचे काम असते. पण डिकी रिकामी करावी लागली तर मागची सगळी रांग खोळंबते.

वाहतूक थांबली की जर्मनी आणि ऑस्ट्रियात रुग्णवाहिकेसाठी मधून वाट ठेवावी लागते. सर्वांत डावीकडच्या लेनने आणखी डावीकडे सरकायचे, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. हे भोंगा ऐकू आल्यावर करायचे नसते, गाड्या मंद होताच करायचे असते. आपल्याकडून नव्याने आलेल्या चालकाला हे कोणीतरी आधी सांगायला हवे.

हा सगळा प्रवास एका दिवसात करायचा का? दोन चालक असतील, दर दोन तासांनी बदलणार असतील तर होतो. एकच चालक असेल तर नको. पश्चिमेच्या वाटेवर ऱ्हाइनकाठचे श्पायर आहे, तिथले कॅथेड्रल १९८१ पासून जागतिक वारशात आहे. मधल्या वाटेवर रोटेनबुर्ग किंवा वुर्झबर्ग. दोन्हीकडे मुक्काम साधारण निम्म्या रस्त्यावर पडतो. मात्र हॉलंडमध्ये पाच वर्षांवरच्या मुलाला सहलीसाठी शाळा बुडवता येत नाही, दंड होतो. म्हणून हा जादा दिवस सुट्टीतूनच आधी काढून ठेवावा लागतो. डोंगरातला एक दिवस कमी झाला, अशी हळहळ वाटेल. तरीही तो काढावा.

हॉलंडमध्ये शिरल्यावर घाई करून उपयोग नाही. १६ मार्च २०२० पासून सकाळी सहा ते संध्याकाळी सात महामार्गांवर साधारण मर्यादा १०० ची आहे, मोजक्या पट्ट्यांवरच ती नंतर उठली. इन्सब्रुकसमोरून जाणारा महामार्ग ए-१२ आणि आर्नेमला लागतो तोही ए-१२, देश निराळे. आर्नेमहून आलात तर एडेजवळ ए-३० धरून ए-१ वर यावे, उट्रेख्टची गर्दी चुकते. मग माउडनला रस्ता व्हेख्ट नदीच्या खालून जातो, वर होड्या आणि खाली गाड्या, आणि दोन मिनिटांत डीमनचा फाटा येतो. व्हेन्लोहून आलात तर आइंडहोव्हन, उट्रेख्ट आणि शेवटी ए-९ वरचा तीन किलोमीटरचा गास्परडामर बोगदा. तो २०२० मध्ये खुला झाला आणि त्याच्या डोक्यावर बाग आहे.

रविवारी सकाळी सातला इन्सब्रुक सोडा, फर्नपास नऊच्या आत ओलांडा. मेमिंगेन आणि उल्मच्या मधल्या एखाद्या थांब्यावर गाडी बंद करून, चहा घेऊन, स्टुटगार्टची अवस्था पाहा. पश्चिमेची वाट की मधली, ते तिथे ठरवा, त्याआधी ठरवू नका.